उत्तरेचं क्षितिज लाल होतं का? आर्वी, चिखलदरा, वाघोडा

बुधवार, ९ ऑक्टोबर २०२४

आज सकाळी साडेसातच्या सुमारास सूर्यावरच्या ३८४८ क्रमांकाच्या डागसमूहात एक्स १.८ दर्जाची ज्वाला भडकली (एक्स हा ज्वाळांचा सर्वांत तीव्र वर्ग). नंतर मोबाइलवर चित्रं आली. सूर्याच्या तबकडीभोवती चहूबाजूंनी पसरत जाणारं वलय. ज्वाला आपल्याकडच्या बाजूला असताना असं पूर्ण वलय दिसलं की समजायचं, प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायूचा, लोंढा आपल्याच रोखानं निघालाय. अमेरिकेच्या अवकाश हवामान केंद्रानं जी-४ भूचुंबकीय वादळाचा इशारा दिला. या मोजपट्टीला पाचच पायऱ्या आहेत, आणि पाचवी याच वर्षी मे महिन्यात येऊन गेली होती. १० मेच्या त्या रात्री लडाखमधल्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांत उत्तरेचं क्षितिज लाल झालं होतं. भारतातून ध्रुवीय प्रकाश! वादळात आलेले कण वरच्या हवेवर आदळून उमटणारा, एरवी ध्रुवांजवळच दिसणारा उजेड. आम्हाला ती बातमी दुसऱ्या दिवशी कळली आणि तेव्हापासून माझ्या मनानं घेतलं होतं की पुढचं मोठं वादळ आलं की आपण झोपायचं नाही.

धाकट्या भावाला फोन केला. तो आर्वीत लग्नाकार्याचे फोटो काढतो, त्याच्याकडे अंधारात चालणारा चांगला कॅमेरा आहे. ‘ताई, उद्या मले गरब्याची ऑर्डर हाये,’ म्हणाला. ‘मित्राला दे,’ म्हटलं. दिली त्यानं. मी दोन दिवसांची किरकोळ रजा टाकली.

ध्रुवीय प्रकाश पाहायला माणसं नॉर्वेला जातात. आर्वीजवळच्या माणसानं चिखलदऱ्याला जाऊन काय पाहायचं? त्याचं उत्तर उंचीत आहे. हिरवा ध्रुवीय प्रकाश साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवर तयार होतो, लाल मात्र २०० च्या वर, मोठ्या वादळात ४०० आणि त्याहूनही वर. दोन्ही ऑक्सिजनचेच, पण लाल प्रकाश सोडायला त्या अणूला मिनिटभरापेक्षा जास्त वेळ लागतो. खाली हवा दाट, तेवढ्या वेळात दुसऱ्या रेणूशी टक्कर होऊन ती ऊर्जा निघून जाते. वर विरळ हवेत त्याला निवांतपणा मिळतो. म्हणून लाल पदर नेहमी सगळ्यात वर असतो आणि सगळ्यात लांबून दिसतो. शेजारच्या गावची होळी आपल्या वावरातून दिसत नाही, पण झाडांच्या वरचं तांबूस आभाळ दिसतं, तसा.

रात्री कागद घेऊन बसले. ४०० किलोमीटर उंचीवरची वस्तू पृथ्वीच्या गोलाईमुळे जास्तीत जास्त सुमारे २२०० किलोमीटरवरून क्षितिजाला टेकलेली दिसते. चिखलदरा २१.४ अंश उत्तर अक्षांशावर. म्हणजे लाल प्रकाश ४१ अंशांपर्यंत खाली उतरला तर तो आम्हाला अगदी क्षितिजावर. क्षितिजावर धूळ आणि धुकं असतं, तेव्हा किमान पाच अंश वर तरी हवा. त्यासाठी तो काराकोरमच्या पलीकडच्या सीमेवर, ३६-३७ अंशांवर यायला हवा. आणि हानलेच्या थेट डोक्यावर आला, तर आम्हाला तो क्षितिजापासून एका मुठीच्या उंचीवर दिसेल. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे दहा अंश.

मेमध्ये हानलेलाच तो उत्तरेला खाली दिसला होता. त्यामुळे शक्यता किती बारीक आहे ते मला ठाऊक होतं. पण वादळ किती मोठं ठरेल हे ते येऊन आदळेपर्यंत कोणालाच कळत नाही.

गुरुवार, १० ऑक्टोबर

सकाळी कौंडण्यपूरवरून निघालो. वर्धा नदीला पाणी भरपूर. रुक्मिणीच्या देवळात नवरात्राची गर्दी होती, आम्ही कळसाला हात जोडून पुढे झालो. तिवशापर्यंत दोन्ही बाजूंना सोयाबीनच्या गंज्या आणि थ्रेशरचा धुरळा. हमीभाव ४,८९२ रुपये आणि व्यापारी त्याच्या किती खाली मागतोय, ही एकच गोष्ट चहाच्या टपरीवर चालली होती. कपाशीला पहिली बोंडं फुटत होती, तूर फुलायला अजून वेळ.

अमरावती ओलांडून परतवाड्याला मामाकडे जेवलो. मामींनी पाटवडीचा रस्सा केला होता. मामांची धामणगाव गढीकडे संत्र्याची बाग आहे आणि तरुणपणी त्यांनी कित्येक हंगाम जागल केलीय. रानडुक्कर आणि रोही वावरात घुसू नयेत म्हणून माळ्यावर रात्रभर जागायचं, मधूनमधून हाका द्यायच्या, डबा वाजवायचा. मी त्यांना विचारलं, कधी उत्तरेकडचं आभाळ रात्री लाल झालेलं पाहिलंत का?

‘पाह्यलं ना. उन्हाळ्यात, मोहफुलाच्या दिवसांत. पण तो वणवा राह्यते पोरी. मेळघाटात आग लागली की इकडून रातभर तांबडं दिसते.’

‘आणि पावसाळा संपल्यावर? थंडीत?’

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘थंडीत नाई. पण थंडीत कोन उत्तरेकडं पाह्यते? डुक्कर ज्या बाजूनं येते तिकडं पाह्यते मानूस.’ आणि उठून स्वेटर शोधायला गेले. तेही येणार होते.

घाट चढताना हवा बदलली. चिखलदरा अकराशे मीटरच्या वर आहे, ऑक्टोबरातच संध्याकाळी हात गार पडतात. वळणावर गवळ्यांच्या हॉटेलात रबडी घेतली. इथली रबडी विदर्भात कुठेही सांगा, लोक मान डोलावतात. मामांच्या ओळखीचे एक गवळी दादा, त्यांचं शेत पठाराच्या उत्तर काठावर. घराच्या मागे उघडं माळरान, पुढे दरी, पलीकडे सातपुड्याच्या रांगा एकामागे एक. मला हेच हवं होतं. परतवाडा, अचलपूरचा उजेड आमच्या पाठीमागे दक्षिणेला राहिला. जंगलाच्या हद्दीत रात्री फिरायला मनाई आहे आणि अस्वलाची भीती खरी आहे, त्यामुळे आम्ही घराच्या आवारातच राहिलो.

सव्वासातला सगळं आभाळ ढगाळ. साडेआठला तसंच. पावणेनऊला मोबाइलवर आलेख एकदम उभा चढला. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेनं १५ लाख किलोमीटरवर, एल-१ बिंदूपाशी जी यानं आहेत (आपलं आदित्य-एल१ यंदा ६ जानेवारीपासून तिथेच आहे), त्यांच्यावर लोंढा आदळला होता. तिथून इथपर्यंत जेमतेम अर्धा तास. सूर्यापासून निघून दीड दिवसाच्या आसपास तो येऊन पोचला होता.

आता पाहायचं ते एकच, चुंबकीय क्षेत्राची दिशा. लोंढ्याबरोबर येणारं क्षेत्र उत्तरेकडे रोखलेलं असेल तर पृथ्वीचं क्षेत्र त्याला बाहेरच थोपवतं. दक्षिणेकडे झुकलेलं असेल तर दोन्ही जोडली जातात आणि दार उघडतं. मी ते आकडे वाचत होते आणि भाऊ ढगांना शिव्या देत होता. क्षेत्र आधी वरखाली हेलकावे खात होतं. मग खाली गेलं आणि बराच वेळ खालीच राहिलं.

ढग फाटायला अकरा वाजले. अर्धा चंद्र नैऋत्येला होता, साडेअकराच्या सुमारास तोही मावळला. गवळी दादांना शेकोटी विझवायची विनंती केली. त्यांनी काही न विचारता पाणी टाकलं आणि घरातला बल्बही बंद केला.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात. त्यानंतर उत्तर दिशा उघडली. शर्मिष्ठा वर, तिच्याखाली ध्रुव, क्षितिजापासून बरोबर एक वीत, म्हणजे आमचा अक्षांश. ईशान्येला ब्रह्महृदय हा तारा लकाकत होता. ध्रुवाच्या खाली मात्र एकही ठळक तारा नाही, सप्तर्षी अजून डोंगराआड. आम्हाला जी पट्टी न्याहाळायची होती ती हीच, काळी आणि रिकामी. भावानं कॅमेरा स्टँडवर लावला, वीस सेकंदांची उघडझाप, म्हणजे तेवढा वेळ उजेड आत घ्यायचा, मिनिटाला एक चौकट, उत्तर बरोबर मधोमध.

पावणेएकला त्यानं हाक मारली. ‘ताई, हे पाह्य.’ पडद्यावर चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात खाली तांबूस डाग होता. माझं काळीज धडधडलं, खोटं कशाला सांगू. मामा उठून उभे राहिले. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं.

मग तपासणी. होकायंत्रानं पाहिलं तर डाग ईशान्येला, आणि त्या दिशेला सत्तर-ऐंशी किलोमीटरवर बैतूल. डाग खाली पांढुरका-नारिंगी आणि वर जाताना विटका होत होता. ध्रुवीय लाल याच्या उलट वागतो, क्षितिजाला भिडलेला भाग हवेमुळे मंद आणि खरा रंग थोडा वर. शिवाय तास उलटला तरी डागाची जागा, आकार, तेज, काहीच बदललं नाही. एक ढगाची पट्टी त्यावरून गेली तर तिची खालची कड उजळली. खालून उजेड पडत होता, गावाचा उजेड. भावाचं तोंड उतरलं, पण मला ही तपासणी करताना मनापासून आनंद झाला. समजा उद्या कधी खरा लाल दिसला, तर तो खरा आहे हे ओळखायची रीत आता आमच्या हातात आहे.

चौकटींत आणखी एक गोष्ट होती, आकाशभर फिकट हिरवे पट्टे. तो ध्रुवीय प्रकाश नव्हे. हा हवेचा स्वतःचा मंद उजेड, एअरग्लो, शंभरेक किलोमीटर उंचीवरचा. दिवसा सूर्यानं फोडलेले ऑक्सिजनचे अणू रात्री पुन्हा जुळतात आणि त्यातली ऊर्जा हिरव्या उजेडात बाहेर पडते. तो रोज रात्री सगळ्या पृथ्वीवर असतो, आमच्या वावरावरही. गवळी दादांना पडद्यावर दाखवलं तर ते बराच वेळ पाहत राहिले. ‘हे रोजच हाये इथं?’ त्यांनी दोनदा विचारलं.

दोन ते चार या वेळात मामा आणि मी गोधडी पांघरून बसलो होतो. मी त्यांना १८७२ ची गोष्ट सांगितली.

४ फेब्रुवारी १८७२, रविवार. त्या रात्री ध्रुवीय प्रकाश मुंबईहून दिसल्याची नोंद आहे. मुंबई १९ अंशांवर, म्हणजे आपल्याही दक्षिणेला. तारायंत्राच्या लाइनींवर गडबड झाली होती. त्याआधी १८५९ च्या सप्टेंबरातलं कॅरिंग्टन वादळ, नोंदीतल्या सर्वांत मोठ्या वादळांपैकी एक. तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय सुया हाताने वाचून नोंदी होत असत आणि २ सप्टेंबरला क्षेत्र तब्बल १६०० नॅनोटेस्लांनी (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घसरल्याचं त्या वहीत आहे. यंदाच्या मेमधल्या वादळात पृथ्वीभरच्या क्षेत्राची घसरण सांगणारा निर्देशांक उणे चारशे नॅनोटेस्लांच्या आसपास उतरला होता. जगात इतक्या दक्षिणेकडच्या अशा नोंदी फार थोड्या, त्यामुळे कुलाब्याची ती वही आजही शास्त्रज्ञ उघडतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये ती चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली, अजूनही तिथे मोजणी चालू आहे.

‘मंग वऱ्हाडातून तर मुंबईपेक्षा जरासं वरतं दिसलं असन,’ मामा म्हणाले.

अगदी बरोबर. दोन अंश उत्तरेला म्हणजे निदान तेवढा तरी तो क्षितिजापासून वर. आणि फेब्रुवारी म्हणजे ज्वारीचं कणीस भरलेलं. वऱ्हाडात ठिकठिकाणी माळ्यांवर जागले बसले असणार. विजेचा एक दिवा नाही. मुंबईच्या इंग्रजांनी पाहिलं ते छापलं गेलं. आमच्या जागल्यांनी काय पाहिलं असेल, आणि सकाळी घरी येऊन काय सांगितलं असेल? मी त्या रात्री याचाच विचार करत राहिले. आज मध्यरात्री उत्तरेकडे तोंड करून, अंधारात, जागा असलेला माणूस शोधायचा झाला तर तो जागल्याच सापडेल.

साडेचारला पूर्वेकडे दुधी उजेडाचा एक शंकू उभा राहिला. उजाडायला वेळ होता. हा राशिचक्रीय प्रकाश, सूर्याभोवतीच्या धुळीवरून परावर्तित झालेला. ऑक्टोबरात पहाटेच तो नीट दिसतो, आणि आर्वीहून तो मला कधीच दिसलेला नाही. त्या शंकूच्या अंगाला मंगळ होता आणि वर गुरू. भावानं कॅमेरा तिकडे वळवायला मागितला. मी नाही म्हटलं, उत्तर सोडायची नाही. मग तो मोबाइलवर काढत बसला.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

सकाळी चुलीवरचा चहा घेताना हानलेचे फोटो आले. रात्रीच, म्हणजे आम्ही बैतूलच्या उजेडाशी झगडत होतो तेव्हा, तिथे उत्तरेचं क्षितिज लाल झालं होतं. टेक्सास, फ्लोरिडातून तर लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. भाऊ वैतागला. ‘फ्लोरिडा तर आपल्याच लायनीत हाये ना?’

लाइन एक आहे, पण चुंबक एक नाही. पृथ्वीचा भूचुंबकीय उत्तर ध्रुव उत्तर अमेरिकेच्या अंगाला कललेला आहे, कॅनडाच्या टोकाकडे. त्यामुळे मायामी भौगोलिकदृष्ट्या २६ अंशांवर असूनही चुंबकीय हिशेबानं ३५ अंशांवर पडतं. हानले ३३ वर असून चुंबकीय हिशेबात जेमतेम २५. आणि नागपूर? २१ च्या जागी १३. ध्रुवीय प्रकाश चुंबकीय अक्षांशांनी चालतो, नकाशातल्या नाही. आपण पृथ्वीच्या ज्या बाजूला जन्मलो ती बाजू या बाबतीत दूर पडते. त्यामुळे हानलेच्या त्या लाल पट्ट्याचं मोल मला फ्लोरिडाच्या रंगीत पडद्यांपेक्षा मोठं वाटतं.

वादळाचा सर्वांत खोल बिंदू आमच्या सकाळी, सूर्य उगवल्यानंतर आला. निर्देशांक उणे सव्वातीनशेच्याही खाली गेला. रात्रीचा आणखी तीन तासांचा अंधार असता तर, असं वाटून गेलं. पण गणित केलं तर तरीही पुरलं नसतं.

मामांना परतवाड्यात सोडून मोर्शी, वरुडवरून निघालो. संत्र्याच्या बागांत आंबिया बहाराची फळं पिवळी पडू लागली होती. सावनेर, पारशिवनी, मग महामार्गावरून पवनी आणि आत जंगलात. वाघोडा हे पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधलं, म्हणजे गाभ्याभोवतालच्या पट्ट्यातलं गाव. याच वर्षी जानेवारीत महाराष्ट्राच्या पेंचला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. बावनथडी जलाशयाजवळ त्यासाठी आकाश पाहायची जागा बांधलीय. आमच्यासाठी महत्त्वाचं हे की इथून उत्तरेलाही जंगलच आहे, मध्य प्रदेशातलं पेंच.

रात्री उशिरा चंद्र मावळला, वादळाचा जोर ओसरत होता. तरी कालच्याच मापानं, कालच्याच उघडझापीनं उत्तरेच्या चौकटी घेतल्या. काही नाही. झोपलो.

शनिवार, १२ ऑक्टोबर

दसरा. घरमालकीण ताईंनी सकाळीच आपट्याची पानं हातात दिली, ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.’ सुरणाची भाजी आणि पुऱ्या खाऊ घातल्या.

गावातले रस्त्यावरचे दिवे पाहत फिरलो. दिव्यांची तोंडं खाली जमिनीकडे, उजेड रस्त्यावर पडतो, आभाळात जात नाही. ताईंना विचारलं, दिवे बदलल्यावर अंधाराची भीती वाटत नाही का? ‘दिवा कमी नाई झाला,’ त्या म्हणाल्या, ‘डोळ्यात खुपत होता तेवढा बंद झाला. आता वाघ रस्त्यानं गेला तर पहिल्याहून बरा दिसते.’ मी हे ठळकपणे लिहून ठेवतेय, कारण आमच्या गावात ग्रामपंचायतीनं नुकतेच चौकात असे पांढरे झोतदिवे लावलेत की ध्रुवसुद्धा चाचपडावा लागतो, आणि सुरक्षिततेचं नाव सांगितलं की कोणी पुढे बोलत नाही.

संध्याकाळी जलाशयाकडे धूमकेतू शोधला. सी/२०२३ ए३, त्सुचिनशान-ॲटलस. आजच तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ, सात कोटी किलोमीटरवर. पश्चिमेला झाडी आणि धुरकट थर. शुक्र दिसला, धूमकेतू नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर

नागपूरवरून परतताना रस्ताभर दीक्षाभूमीहून घरी निघालेली माणसं. पांढरे कपडे, ट्रॅव्हल्सच्या टपावर सतरंज्या, बायकांच्या हातात पुस्तकांच्या पिशव्या. वर्ध्याच्या अलीकडे एका धाब्यावर यवतमाळकडची एक आजी शेजारी बसली होती. नातवासाठी घेतलेलं सूर्यमालेचं चित्र तिनं उलगडून दाखवलं. मी तिला सूर्यावरच्या ज्वाळा कुठे उठतात ते बोटानं दाखवलं. तिनं ते नातवाला फोन करून सांगायला सुरुवात केली.

संध्याकाळी थेट बाबांच्या वावरात. पश्चिमेला मोकळी कपाशी. साडेसहाला शुक्र लखलखीत, आणि त्याच्या उजव्या अंगाला, संधिप्रकाश जरा विरताच, धूमकेतू. दुर्बिणीची गरज पडली नाही. डोकं ठळक, शेपूट वर तिरकी, चंद्र असूनही दोन बोटं लांब दिसत होती. शेजारच्या वावरातले जागलीला निघालेले काका सायकल टाकून आले. बाबा आले. भावानं या वेळी माझी परवानगी न विचारता कॅमेरा पश्चिमेला लावला.

काकांना मी उत्तरेचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कामाचा प्रश्न विचारला: ‘मले ओळखू कसं येईन?’

तेव्हा जे सांगितलं तेच इथे लिहिते, कारण विदर्भात रात्री जागणाऱ्या कोणालाही ते उपयोगी पडेल. नेमकी उत्तर, ध्रुवाच्या खाली. रंग गडद लाल, पिवळा-नारिंगी नाही, आणि तो पट्टा रुंद, उत्तरेची निम्मी बाजू व्यापणारा. खालून उजळलेले ढग किंवा धूर दिसला तर ते गाव किंवा वणवा. पट्टा मिनिटामिनिटाला उजळतो किंवा विझतो का ते पाहायचं, त्यात कधी उभ्या फिकट रेषा येतात. त्याच्या आरपार तारे दिसतात, वणव्याच्या धुरातून दिसत नाहीत. मोबाइल दगडाला टेकवून रात्रीच्या मोडवर उत्तरेचा फोटो घ्यायचा आणि दुसऱ्या रात्री त्याच जागेवरून, त्याच वेळी पुन्हा घ्यायचा. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय कोणाला पाठवायचा नाही.

सूर्यावरचे डाग आणि वादळं साधारण अकरा वर्षांच्या चक्रानं वाढतात आणि कमी होतात. हे सौरचक्र शिखरावर असल्याचं नासा आणि नोआ (अमेरिकेची हवामान व सागर संस्था) यांनी आम्ही परतल्यावर, १५ तारखेला जाहीर केलं. लोक समजतात की शिखर संपलं की वादळंही संपतात. पण १८७२ चं वादळ आलं तेव्हा त्या चक्राचं शिखर उलटून दीड वर्ष झालं होतं. म्हणजे पुढची दोन-तीन वर्षं जागं राहण्यासारखी आहेत. जी-५ चा इशारा आला आणि अमावस्येच्या आसपासचे दिवस असले, तर चिखलदऱ्याचा उत्तर काठ आणि वाघोडा या दोन जागा माझ्या मते विदर्भात सर्वांत चांगल्या. भावानं दोन्हीकडच्या रिकाम्या उत्तरेच्या चौकटी तारीख, वेळ आणि दिशेसकट जपून ठेवल्या आहेत. तुलनेला लागतील. मामांनी परतवाड्याकडच्या चार जागल्यांना माझा नंबर देऊन ठेवलाय, आणि काकांनी आमच्या बाजूच्या तिघांना.